मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाण्या-येण्याचा वेळ वेगळा का?

प्रश्न (जुळे सोलापूर)
जानेवारीत माझे आई-वडील प्रथमच बहिणीकडे न्यूयॉर्कला निघाले आहेत. मुंबईहून 12 तारखेला रात्री 2 वाजता सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी 7.30 ला पोहोचते, असे तिकिटावर छापले आहे. परतीचा कालावधी मात्र जाण्याच्या कालावधीपेक्षा सुमारे दोन तासांनी कमी दिसतो. शिवाय नकाशावरच्या सरळ रेषेने हिशेब केला, तर अंतर 14,000 किलोमीटरच्या पुढे जाते, प्रत्यक्षात ते 12,550 च्या आसपास सांगितले जाते. वडिलांना मधुमेह आहे, म्हणून खरा कालावधी नीट समजून घ्यायचा आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे 11 तारखेच्या रात्रीचे आरक्षण केले आहे.

उत्तर 1 (निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर)
आपला हिशेब चुकलेला नाही. सपाट नकाशाच फसवतो. ती सरळ रेषा अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, पण पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे चढत जवळपास 65 अंश अक्षांशापर्यंत पोहोचतो आणि मग खाली उतरतो. यालाच बृहद्वृत्त म्हणतात, आणि तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. मी वर्गात हा प्रयोग दरवर्षी करून घेत असे, कारण दोरा स्वतः ताणून पाहिल्याशिवाय मुलांना ते पटत नसे.

उत्तर 2
वेळेतील फरक वाऱ्यामुळे पडतो. साधारण 10 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात अधिक जोरदार असतात. जाताना ते विमानाला समोरून अडवतात आणि येताना मागून ढकलतात. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर तर 2016 मध्ये एअर इंडियाने अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, तेव्हा अंतर वाढूनही वेळ वाचला. याउलट एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर अनेक मार्गांना वळसा पडला, म्हणून दोऱ्याने मोजलेले अंतर आणि प्रत्यक्ष उड्डाण यांचा मेळ बसेलच असे नाही.
जानेवारीत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तेथील सकाळचे 7.30 म्हणजे आपले सायंकाळचे 6, अर्थात प्रवास 16 तासांचा. गोळ्यांचे वेळापत्रक घड्याळावरून न ठरवता या 16 तासांवरून डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत.

उत्तर 3 (होटगी रोड)
कृपया तारीख तातडीने पाहा. 12 तारखेचे रात्रीचे 2 म्हणजे 11 तारखेची मध्यरात्र उलटल्यानंतरचे दोन. विमानतळावर 11 च्या रात्री अकरापर्यंत पोहोचायला हवे, आणि आपली सिद्धेश्वर तर 12 च्या सकाळी मुंबईत पोहोचेल.

प्रश्नकर्ता
आपण तिघांचेही मनापासून आभार. तारखेची ही चूक माझ्या ध्यानातच आली नव्हती. आरक्षण रद्द करून 10 तारखेच्या रात्रीच्या सिद्धेश्वरचे घेतले आहे; 11 चा दिवस दोघेही दादरला मावशीकडे विश्रांती घेतील.