टीपीएन वॉर्डात मिसळलेलं स्वस्त पडतं, हा हिशेब नक्की कुणी केला?

रात्रपाळीचा_फार्मासिस्ट

ज्या पेशंटचं आतडं काही काळ वापरताच येत नाही, त्याला सगळं अन्न शिरेतून द्यावं लागतं. तेच टीपीएन. अमायनो आम्लं (प्रथिनांचे घटक), डेक्स्ट्रोज (साखर), लिपिड (स्निग्धांश), क्षार, जीवनसत्त्वं, जस्त-तांब्यासारखी सूक्ष्मद्रव्यं असं सगळं त्यात येतं. आपल्याकडे ते दोन प्रकारे दिलं जातं. एक म्हणजे कंपनीची तीन कप्प्यांची तयार पिशवी, लावायच्या आधी दाबून कप्पे फोडायचे. दुसरा प्रकार म्हणजे सुट्या बाटल्या आणून वॉर्डात मिसळायच्या, किंवा न मिसळता थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून एकाच वेळी शेजारी शेजारी चालवायच्या.

मी ज्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांत काम केलं, तिथे दर वर्षी खरेदीच्या बैठकीत हा विषय निघतो आणि दर वर्षी एकाच वाक्यात संपतो: पिशवी चार आकडी, सुट्या बाटल्या निम्म्यात, सुट्याच घ्या.

माझा आक्षेप या वाक्याला आहे. यात फक्त बाटल्यांची किंमत धरलेली असते. निर्जंतुक हातमोजे, गाऊन, ट्रान्सफर सेट, सिरिंजा धरलेल्या नसतात. मिसळण्यात जाणारा सिस्टरचा पाऊण तास तर फुकटच समजला जातो, जणू त्या वेळेत तिच्या बाकीच्या पेशंटांना तिची गरजच नव्हती. आणि सेंट्रल लाइनमध्ये (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीत) जंतू गेले तर पुढे चालणारी अँटिबायोटिक्स आणि आयसीयूचे वाढलेले दिवस वेगळ्या खात्यात पडतात, त्यामुळे ते टीपीएनच्या नावावर कधी चढतच नाहीत.

प्रत्यक्षात काय चालतं ते सांगतो. औषधांची ट्रॉली, वर पंखा, बाजूला कुणीतरी चहाचा कप ठेवलेला. सिस्टर केसीएलची (पोटॅशियम क्लोराइडची) अँप्यूल फोडते, मग कॅल्शियम ग्लुकोनेट, मग फॉस्फेट, जे हाताला लागेल त्या क्रमाने. क्रम महत्त्वाचा असतो. फॉस्फेट आधी घालायचं, सगळं नीट मिसळायचं आणि कॅल्शियम शेवटाकडे, नाहीतर दोघांचा साका बसतो. लिपिड घातल्यावर द्रावण दुधासारखं पांढरं होतं, मग तो साका डोळ्यांना दिसतही नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये अशाच साक्याने दोन मृत्यू झाल्यावर एफडीएने देशभर इशारा काढला होता. आपल्याकडे असं काही झालं तर बहुधा ‘अचानक श्वास लागला’ एवढंच केसपेपरवर येईल.

म्हणून माझं म्हणणं: जिथे लॅमिनार हूड (गाळलेल्या, निर्जंतुक हवेच्या झोतात काम करायचं कपाट) आणि शिकलेला माणूस नाही, तिथे मिसळणं बंद करावं. मोठ्यांना तयार पिशवी. बाळांसाठी जिल्ह्यात एक सामायिक कक्ष, शासकीय मेडिकल कॉलेजात, आणि खासगी रुग्णालयांनीही तिथूनच पैसे भरून घ्यावं.

हिशेबनीस

मी खरेदी विभागात आहे, त्यामुळे त्या ‘एका वाक्या’चा बाप मीच समजा.

साहेब, तुम्ही पिशवीची किंमत म्हणता ती कुठली? छापील, की आम्हाला पडते ती? दोन्हींत बरंच अंतर असतं. पेशंटच्या बिलात छापीलच लागते. एनपीपीएने (औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती, तेव्हा काही वस्तूंवर नफा १७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. फुगवलेली एमआरपी रुग्णालयांच्याच सोयीने छापून येते, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते टीपीएनबद्दल नव्हतं, पण पद्धत तीच. तेव्हा ‘तयार पिशवी वापरा’ हा सल्ला ऐकून खासगी व्यवस्थापनाला आनंदच होईल. वाचलेला सिस्टरचा वेळ रुग्णालयाचा आणि वाढलेलं बिल पेशंटचं.

आणि महात्मा फुले योजनेतला पेशंट असेल तर उलटं. पॅकेजची रक्कम ठरलेली, औषधं आणि जेवण त्यातच. तिथे पिशवी लावली की रुग्णालयाच्या खिशातून जाते, म्हणून तिथे सुट्या बाटल्या. एकाच इमारतीत, एकाच आजाराला, दोन मजल्यांवर दोन ‘वैद्यकीय निर्णय’. हे मी रोज वॉर्डाच्या मागणीपत्रावर बघतो.

बाळांचा_डॉक्टर

वरची सगळी चर्चा साठ किलोच्या माणसाची चालली आहे. माझे पेशंट एक-सव्वा किलोचे असतात.

१२०० ग्रॅमचं बाळ घ्या. किलोला ३ ग्रॅम प्रथिन म्हणजे ३.६ ग्रॅम, दहा टक्के अमायनोचे ३६ मिली. बाटली १०० मिलीची. लिपिडही किलोला ३ ग्रॅम, वीस टक्क्यांचं १८ मिली. बाटली पुन्हा १०० मिलीची. म्हणजे एका बाळासाठी रोज ६४ मिली अमायनो आणि ८२ मिली लिपिड सिंकमध्ये. बाप पैसे देतो दोन अख्ख्या बाटल्यांचे. आता सांगा, खर्च कशाचा झाला? द्रव्याचा की फेकण्याचा?

मोठ्यांची तीन कप्प्यांची पिशवी इथे कामाची नाही. युरोपात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी खास पिशवी निघाली होती, पण रक्तात मॅग्नेशियम वाढण्याच्या शंकेवरून २०१३ मध्ये ती थांबवावी लागली. कंपनीच्या कारखान्यातून आलं म्हणजे बाळाला मानवेलच असं नाही.

तुमचा जिल्हा कक्ष कागदावर छान आहे. पण माझ्या बाळाचा सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट सकाळी अकराला येतो, तेव्हा मी ऑर्डर लिहितो. तुमचा कक्ष बाराला ऑर्डर घेणं बंद करणार, संध्याकाळी गाडी निघणार, पावसात घाट बंद असला तर काय? मी माझ्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) एका कोपऱ्यात हूड बसवलाय, दोन सिस्टर तयार केल्यात आणि आम्ही मिसळतो. तुमच्या नियमाने मला ते सोडावं लागत नाही हे मान्य. पण शेजारच्या तालुक्यातल्या माझ्या मित्राकडे हूड नाही. त्याने काय करावं? बाळाला नुसतं डेक्स्ट्रोज लावून बसावं?

रात्रपाळीचा_फार्मासिस्ट

डॉक्टर, तुमचेच आकडे माझ्या बाजूने बोलतात. तशीच चार बाळं एका वेळी एका जागी आली तर अमायनो लागतं १४४ मिली, म्हणजे चारऐवजी दोन बाटल्या. लिपिड लागतं ७२ मिली, म्हणजे चारऐवजी एक. शेअर रिक्षासारखं आहे, सीट भरल्या की प्रत्येकाचं भाडं उतरतं. पण एक बाटली चार बाळांत वाटायची तर ती हूडखालीच, एकाच बैठकीत उघडली पाहिजे. वॉर्डात उघडून उरलेली फ्रीजमध्ये ठेवायची आणि रात्री दुसऱ्या बाळाला वापरायची, हे जे सर्रास चालतं, त्याच्याइतकं महाग काहीच नाही. लिपिडमध्ये जंतू मजेत वाढतात.

हिशेबनीसांचा एमआरपीचा मुद्दा खरा आहे, पण तो किमतीवर नियंत्रण आणण्याचा मुद्दा आहे. एमआरपी फुगलेली आहे म्हणून मिसळणं पंख्याखालीच करू, हे कसं काय?

आयसीयूतला_एक

मला दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडताना दिसतात. टीपीएन कसं बनवायचं याच्याआधी, पेशंटला ते लावलंच का?

बेल्जियममध्ये २०११ साली ४६४० आयसीयू पेशंटवर चाचणी झाली. अर्ध्यांना नळीवाटचं अन्न पुरत नसेल तर ४८ तासांच्या आत शिरेतून भर घातली, अर्ध्यांना आठव्या दिवसापर्यंत थांबवलं. थांबवलेल्यांत जंतुसंसर्ग कमी, लवकर घरी जाणं जास्त आणि खर्च माणशी सुमारे १११० युरोंनी कमी. आपल्याकडे मात्र ऑपरेशन झालं, आतड्याचे आवाज येत नाहीत, लावा पिशवी. तिसऱ्या दिवशी नाकातून नळी घालून तासाला वीस मिली सुरू करता आलं असतं. पण त्यात उलटी होते, जुलाब होतात, नळी निघते, सिस्टरला चार वेळा बघावं लागतं. पिशवी टांगली की प्रश्न मिटतो.

नळीवाटे द्यायचं अन्न रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातही बनतं. त्याची किंमत काढा आणि मग पिशवीशी तुलना करा.

सिस्टर_विदर्भ

डॉक्टरसाहेब, ‘पिशवी टांगली की प्रश्न मिटतो’ हे सिस्टरवर ढकलू नका. ऑर्डर आम्ही लिहीत नाही. नातेवाईक दर तासाला विचारतात, “चार दिवस उपाशी आहे हो, काहीतरी द्या ना,” आणि राउंडला तुम्हीच त्यांचं समाधान म्हणून लिहून जाता.

आणि स्वयंपाकघरातल्या त्या नळीवाटच्या पेजेत किती प्रथिन आहे, हे कुणी मोजलंय? आमच्याकडे कधी घट्ट येते, कधी पाणी. नळी तुंबली की पुन्हा आमच्याच नावाने.

मिसळण्याबद्दल: आम्हाला शिकवा, जागा द्या, करू. पण तीस पेशंटला दोन सिस्टर आणि त्यातली एक पाऊण तास हूडखाली बसली, तर बाकीच्या एकोणतिसांच्या वाट्याला एकच उरते. फार्मासिस्ट बसवा की तिथे. काउंटरवर पट्ट्या मोजायला चार जण असतात.

भाचा_पुणेकर

मी डॉक्टर नाही, नातेवाईक. मामांचं आतड्याचं ऑपरेशन, नंतर फिस्टुला झाला (आतड्यातून गळती), तोंडाने काहीच बंद. शहर आणि रुग्णालय सांगत नाही.

रोज एक पिशवी, तीही रुग्णालयाच्याच मेडिकलमधून, बाहेरून आणलेली चालणार नाही. जीवनसत्त्वांचं इंजेक्शन वेगळं, सूक्ष्मद्रव्यांचं वेगळं, सेट वेगळा. मेडिक्लेमवाल्यांनी सेट, हातमोजे वगैरे ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून कापले. चोवीस तास झाले की उरलेली पिशवी काढून टाकायची, कितीही उरली असली तरी. ते बरोबरच असेल. पण मामांचा वेग कमी ठेवला होता, रोज तिसरा हिस्सा उरायचा. मग छोटी पिशवी का नाही मागवली, हे विचारलं तर “स्टोअरला हाच साइज आहे.”

या धाग्यात सगळे कुणाचा किती खर्च होतो ते सांगताहेत. आम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं की हे साधारण किती दिवस आणि रोजचे किती, तर आम्ही बँकेतली ठेव योग्य वेळी मोडली असती. मध्यरात्री सही करून पैसे उचलावे लागले नसते.

हिशेबनीस

भाचासाहेब, साइजचं उत्तर मी देतो, आवडणार नाही. एकच साइज घेतला की दर चांगला मिळतो. उरलेलं पेशंटच्या बिलात आधीच गेलेलं असतं, त्यामुळे ते आमच्या खर्चात दिसत नाही.

आयसीयूतला_एक

आणि तयार पिशवी ‘पूर्ण अन्न’ असल्याचा गैरसमज आहे, तोही काढतो. हाताच्या शिरेतून द्यायच्या १४४० मिलीच्या नेहमीच्या पिशवीत साधारण १००० किलोकॅलरी आणि ३४ ग्रॅम अमायनो आम्लं. साठ किलोच्या माणसाला किलोला १.२ ग्रॅमच्या हिशेबाने ७२ ग्रॅम लागतात. एका पिशवीत निम्मंही नाही. दोन लावल्या तर जवळजवळ तीन लिटर पाणी, जे किडनी बिघडलेल्याला झेपत नाही. जीवनसत्त्वं तर त्यात नसतातच. ती घालायला विसरणं परवडत नाही: १९९७ मध्ये अमेरिकेत इंजेक्शनच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा झाला तेव्हा टीपीएनवरच्या तीन पेशंटांना थायमिनअभावी (बी-१ जीवनसत्त्वाअभावी) लॅक्टिक अॅसिडोसिस झाला होता, म्हणजे रक्तात आम्ल साठलं होतं. म्हणजे पिशवी घेतली तरी वॉर्डात पिशवीत सुई टोचणं टळत नाहीच.

रात्रपाळीचा_फार्मासिस्ट

टळत नाही, पण दहा टोचण्यांच्या जागी दोन होतात. फरक आहे.

घाटावरचा

जिल्हा कक्षाच्या कल्पनेवर एक थंड पाणी. अलाबामात २०११ मध्ये एकच फार्मसी सहा रुग्णालयांना टीपीएन पुरवत होती. सेराशिया जंतू शिरले. १९ पेशंट, ९ मृत्यू. वॉर्डात मिसळताना चूक झाली तर एक पेशंट जातो. मध्यवर्ती ठिकाणी झाली तर अख्खा जिल्हा. आपल्याकडच्या शासकीय कक्षाचा एसी बंद पडला तर दुरुस्तीची फाइल किती महिने फिरेल, ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

रात्रपाळीचा_फार्मासिस्ट

अलाबामाचं पूर्ण सांगा. ती फार्मसी अमायनोचं द्रावण भुकटीपासून स्वतःच बनवत होती आणि तपासात जंतू सापडले ते नळाच्या तोटीवर, ढवळणीवर आणि भांड्यात. मी बंद बाटल्यांतून हूडखाली एकत्र करण्याबद्दल बोलतोय. भुकटी ढवळण्याचं कुणी सुचवलेलं नाही.

एसीचा मुद्दा मात्र सोडून देता येत नाही. कक्ष बांधायला आमदार निधी मिळतो, फीत कापली जाते. हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरची दर सहा महिन्यांची तपासणी, हवेतले जंतू बघायच्या प्लेटा, औषधाऐवजी जंतू वाढतील असं द्रावण भरायला लावून घेतलेली कर्मचाऱ्यांची परीक्षा, यासाठी दर वर्षी पैसे लागतात आणि त्याला फीत नसते. म्हणून मी खासगी रुग्णालयांना त्यात ओढतो आहे. दर पिशवीमागे ठरलेला आकार, तो थेट देखभालीच्या खात्यात.

बाळांचा_डॉक्टर

मी अर्ध्या वाटेपर्यंत येतो. जन्माच्या दिवशी सगळ्या बाळांना जवळजवळ एकच लागतं: डेक्स्ट्रोज आणि अमायनो, फार तर थोडं कॅल्शियम. तेवढी सुरुवातीची पिशवी तुमच्या कक्षाने बनवून फ्रीजमध्ये पोहोचवून ठेवावी. शनिवारी रात्री दोनला बाळ जन्मलं तरी माझ्या मित्राला रविवारची वाट बघावी लागणार नाही. पुढचं, रोज बदलणारं, ज्याच्याकडे हूड आहे त्याने करावं. ज्याच्याकडे नाही त्याने आईचं दूध लवकर वाढवावं किंवा बाळ पाठवावं.

पण तारीख उलटून फेकलेल्या पिशव्यांचे पैसे कुणी द्यायचे? माझ्या मित्राकडे महिन्याला अशी दोन-तीन बाळं येतात. दहा पिशव्या ठेवल्या तर सात टाकाव्या लागतील.

हिशेबनीस

सात टाकायच्या असतील तर आमची समिती मंजूर करणार नाही, आत्ताच सांगतो. कक्षाने न वापरलेल्या परत घेऊन मोठ्या एनआयसीयूला फिरवायच्या, असं करारात लिहून देत असाल तर बोलू. आणि मध्ये फ्रीज बंद पडला होता की नाही, याची नोंद कोण ठेवणार ते नाव घालून लिहा.