तत्त्वज्ञानाची सुरुवात: आधी पुस्तक की आधी प्रश्न?

सातपूरकर

कंपनीत नव्याने लागलेल्या एका मुलाने परवा चहाच्या सुट्टीत विचारलं, "तत्त्वज्ञान वाचायचंय, दहा पुस्तकांची यादी द्या ना." मी यादी दिली नाही. म्हटलं, तुला झोपू न देणारा एक प्रश्न आधी वहीत लिहून आण, मग काय वाचायचं ते बघू. तो हिरमुसला आणि शेजारचे दोघे माझ्यावर तुटून पडले. म्हणून माझी बाजू इथे मांडतोय.

माझी सुरुवात नाशिकला रामकुंडावर झाली. वडिलांचा दहावा होता. पिंड ठेवले, कावळे समोरच्या पत्र्यावर बसलेले, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला, भाताची शितं उन्हाने वाळायला लागली. काका कानाशी येऊन म्हणाले, "त्याचं मन कशात राहिलं असेल ते बोल." मी हात जोडून पुटपुटलो, "आईला एकटं ठेवणार नाही, माझ्याकडे घेऊन येतो." थोड्या वेळाने कावळा शिवला. सगळे हुश्श करून उठले, मी मात्र तिथेच अडकलो. मी तर यातलं काही न मानणारा माणूस. मग बोललो कुणाशी? त्या वचनाला बांधील आहे तो कशामुळे? विश्वास असणं आणि विश्वास असल्यासारखं वागणं, यात फरक काय?

त्याआधी सार्वजनिक वाचनालयातून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा एक जाड ग्रंथ मी दोनदा आणला होता आणि दोन्ही वेळा पन्नासेक पानांवर सोडला होता. थेलीस म्हणतो सगळं पाण्यापासून झालं, हेराक्लायटस म्हणतो सगळं वाहतंय. म्हणेनात का! दहाव्यानंतर तोच ग्रंथ पेन्सिल घेऊन वाचला.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितलेत. त्यात संशय तिसरा आहे आणि सिद्धान्त सहावा. आपण उलटं करतो. 'माझा दृष्टिकोन' आधी ठरवतो आणि मग त्याला दुजोरा देणारं वाचत सुटतो.

कॉलेजरोड

असहमत. आठवण मनाला भिडली, पण यादी तुम्ही सोयीची तेवढीच वाचलीत. त्या सोळांत पहिला पदार्थ 'प्रमाण' आहे. आपल्याला कळतं ते कशाने कळतं, हे आधी. संशयाचा नंबर त्यानंतर.

हा नुसता क्रमाचा मुद्दा नाही. मी काही वर्षं तर्कशास्त्र शिकवलंय. प्रश्नाने पोळलेला पण हातात हत्यार नसलेला माणूस पहिल्या गोड बोलणाऱ्याच्या मागे जातो, हे मी जवळून पाहिलंय. तुमच्याच प्रसंगात बघा. वचन दिलं आणि कावळा आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, त्याला काकतालीय न्याय म्हणतात. हे ज्याला ठाऊक आहे तो तिथे अर्ध्या मिनिटात सावरतो. ज्याला नाही, तो पुढची दहा वर्षं कुणाच्या तरी गादीसमोर बसून काढतो. त्या मुलाला तर्कशास्त्राचं एक प्राथमिक पुस्तक आणि प्लेटोचे दोन-तीन छोटे संवाद द्यायला हवे होतेत. मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये.

दिंडोरीचा बागायतदार

मला दोघांचंही पटत नाही. दृष्टिकोन वाचून येत नसतो. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी घ्यायची, घड मोजायचे, कर्जाचा हप्ता डोक्यात ठेवून फवारण्या करायच्या आणि माल उतरायला आठ दिवस राहिले असताना पंधरा मिनिटं गारा. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे मला गारांनी शिकवलं. पुस्तक उघडायची गरज पडली नाही.

सातपूरकर

दादा, तुम्ही सोसलंय ते मी सोसलेलं नाही, त्यामुळे सांभाळून बोलतो. हातात काय आणि काय नाही, ही वाटणी एपिक्टेटस या रोमन काळातल्या तत्त्वज्ञाच्या शिकवणीचा पायाच आहे, आणि तो जन्माने गुलाम होता. तेव्हा अनुभव मोठा, यात वाद नाही. पण त्याच गारा शेजारच्या बांधावरही पडल्या ना? त्यांनी तिथे एकाला शिकवलं की देव कोपलाय, दुसऱ्याला शिकवलं की आता कशातच अर्थ नाही. अनुभव आपला अर्थ स्वतः सांगत नाही. तो आपण लावतो, आणि नीट लावायचा तर कुणाशी तरी बोलावं लागतं. हयात नसलेल्यांशी बोलायचं तर पुस्तकाशिवाय इलाज नाही.

पंचवटीची लेक

काळाराम मंदिरावरून मी रोज जाते. तिथला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधे एकवीस वर्षं. प्रश्न बंद दरवाज्याने दिला होता, तो पुस्तकातून आलेला नव्हता. पण उत्तर त्यांनी दरवाज्यापाशी ठरवून टाकलं नाही. वाचलं, ताडून पाहिलं, लिहिलं. बागायतदार दादा, अनुभव त्यांच्याकडे कुणापेक्षाही कमी नव्हता. तरी वाचलं. आणि कॉलेजरोड सर, तर्कशास्त्राच्या पुस्तकापासून सुरू करणाऱ्याला तो दरवाजा दिसेलच असं नाही.

कॉलेजरोड

हा मुद्दा मान्य. माझं म्हणणं मी थोडं बदलतो: हत्यार आधी हवंच असं नाही, पण प्रश्न पडल्या दिवसापासून हवं. सातपूरकरांना मात्र एक विचारतो. समजा त्या दिवशी कावळा आलाच नसता, तर?

सातपूरकर

तर दर्भाचा कावळा करून शिववला असता. पद्धतच तशी आहे, भटजींनी दर्भ बाजूला काढून ठेवलाही होता. म्हणूनच तुमचा काकतालीय न्याय मला पुरत नाही, सर. तो कावळ्याचा हिशेब मिटवतो, वचनाचा नाही. कावळा आला नसता तरी आईला आणायचंच होतं. ती आता माझ्याकडे आहे. वडील कुठेही नाहीत असं मी आजही मानतो, आणि त्यांना दिलेला शब्द पाळतोय असंही रोज वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते मला अजून सुटलेलं नाही. कुणाला यावर काही वाचलेलं आठवत असेल तर सांगा, रविवारी वाचनालयात जाणार आहे.