कॉलेज म्हणतंय "आपसात मिटवा", बहिणीने आता काय करावं?

थोरली_ताई

नमस्कार, मुद्दाम नवीन आयडी काढून लिहितेय, कॉलेजचं नाव प्लीज विचारू नका. धाकटी बहीण पुण्यात थर्ड इयरला आहे, हॉस्टेलला राहते, आम्ही लातूरकडचे. दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमी चालू होत्या, एका रात्री तालीम संपल्यावर ग्रुपमधल्याच सीनियरने तिच्यावर जबरदस्ती केली. याहून जास्त लिहीत नाही. बरेच दिवस ती गप्प होती, मग रूममेटला बोलली, मग मला. आईबाबांना अजून माहीत नाही.

कॉलेजच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीला तिने हाताने लिहिलेला अर्ज दिला. पोच मिळाली नाही. आठवड्याने एका मॅडमनी केबिनमधे बोलावलं आणि सांगितलं की हॉल भाड्याचा होता, कॉलेजचा नाही, त्यामुळे हे आमच्याकडे येतच नाही, तरी मी त्याला माफी मागायला लावते, त्याचं नुकतंच प्लेसमेंट झालंय, तुझंही नाव खराब होईल, कशाला वाढवतेस. तो मुलगा रोज कँटीनमधे समोर असतो आणि ही मेसचा डबा रूमवर मागवून खाते.

पोलिसात जायला ती घाबरते, एकदा तिथे गेलं की आपल्या हातात काही राहत नाही म्हणते. मला कळत नाहीये की कॉलेजच्या मागे लागू का सरळ पोलीस चौकी गाठू. आणि कॉलेजने असे हात वर केले तर कॉलेजला विचारणारं कोणी असतं का?

पेठेतली

मी कॉलेजला असताना दोन वर्षं या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी होते त्यामुळे आतली पद्धत माहितीये. आधी हॉलचं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम आहेत, मे २०१६ पासून लागू, त्यात कॅम्पस म्हणजे फक्त कंपाउंडच्या आतलं नाही, सहल, इंटर्नशिप, कॅम्प, सांस्कृतिक महोत्सव, सगळं धरलंय. कॉलेजची टीम, कॉलेजच्या नावावर स्पर्धेत उतरणार, तर तालीम कोणाच्या हॉलमधे होती याने काहीही फरक पडत नाही. बाईंना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दुसरं, या मॅडम नक्की कोण? प्रिन्सिपल, डीन, एचओडी (विभागप्रमुख) असल्या पदावरचं कोणी समितीत असूच शकत नाही. अध्यक्ष सीनियर महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, संस्थेबाहेरची एक व्यक्ती लागते आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. एकट्या मॅडमनी केबिनमधे बोलावून जे केलं त्याला चौकशी म्हणतच नाहीत.

आणि तडजोड फक्त तक्रारदार मुलीने स्वतःहून मागितली तरच, आणि तेव्हासुद्धा पैसे घेऊन नाही. समितीने तिच्या गळ्यात मारायची गोष्ट नाही ती.

ताई, मुदत बघा, हे सगळ्यात अर्जंट. घटनेपासून तीन महिने, कारण लेखी नोंदवून समिती अजून तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे काही नाही. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मधे मुदतीबाहेर ठरवली, कुलगुरूंच्या बायोडेटात या निकालाचा उल्लेख करा एवढं सांगितलं, पण तिच्या तक्रारीची चौकशी काही झाली नाही. तुमच्याकडे पोच नाही म्हणजे उद्या कॉलेज म्हणेल अर्ज आलाच नव्हता. आज रात्रीच सगळं परत ईमेलने पाठवा, समितीच्या अध्यक्षांना आणि प्रिन्सिपलना, आधी अमुक तारखेला हाताने अर्ज दिला होता हे त्यात लिहा. केबिनमधलं बोलणंही तारखेसकट लिहा.

रोखठोक

एकच बाजू ऐकून सगळे न्यायाधीश झालेत इथे. मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं त्याचं काय? आणि इतके दिवस गप्प का बसली?

अ‍ॅड_निशा

रोखठोक, गप्प का बसली याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच दिलंय, गुरमीत सिंग खटल्यात. बदनामीच्या भीतीने मुलगी आणि घरचे वेळ घेतात, तेवढ्यावरून तक्रार खोटी धरायची नाही. मुलाची बाजू ऐकलीच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण ती ऐकायची कुठे? समितीतच ना? त्याला तक्रारीची प्रत सात दिवसांत जाते, उत्तराला दहा दिवस मिळतात. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात समितीने शेवटी इतकी घाई केली की प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळच मिळाला नाही, म्हणून मे २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने कारवाई रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. म्हणजे नीट चौकशी व्हावी म्हणणं मुलाच्याही फायद्याचंच आहे. केबिनमधे माफीवर मिटवलं तर तो निर्दोष असला तरी ते कधी सिद्ध होणार नाही.

थोरली ताई, आता पोलिसांचं. कॉलेज की पोलीस असं निवडायचं नसतं, दोन्ही एका वेळी चालू शकतं. बहिणीची भीती मात्र अगदीच बिनबुडाची नाही. एफआयआर झाला की केस सरकारची होते, नको वाटलं म्हणून अर्ज मागे घेतला असं होत नाही. म्हणून तिचा निर्णय होईपर्यंत तिला ढकलू नका. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदत संपणं हा प्रकार नाही, पण उशीर होईल तसे मेसेज उडतात आणि साक्षीदारांना आठवेनासं होतं, हेही तिला खरं खरं सांगा. तोवर चॅट, त्या दिवसाचे कॉल, तालमीचं वेळापत्रक, रूममेटला पहिल्यांदा केलेला मेसेज, काहीही डिलीट करू नका.

जायचं ठरलं तर कुठल्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर होतो, आमच्या हद्दीत नाही हे उत्तर चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा. नोंदवायला टाळाटाळ केली तर लेखी तक्रार आयुक्तालयात पाठवायची, तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट आहेत, आणि अशा गुन्ह्यात एफआयआर न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. तपासणीसाठी ससून किंवा कुठलंही हॉस्पिटल, सरकारी असो वा खाजगी, उपचार फुकटच द्यावे लागतात. हॉस्पिटल पोलिसांना कळवणार हे धरून चाला, पण जबाब द्यायचा नाही असं ती सांगू शकते आणि ते तसं नोंदवतात. टू फिंगर टेस्ट (योनीत बोटं घालून करायची जुनी तपासणी) कोणी करायला लागलं तर सरळ नाही म्हणायचं, २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने त्यावर पुन्हा बजावून सांगितलंय. वकिलाचा खर्च म्हणाल तर बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. फोनवर १५१०० लावा.

डेक्कन_क्वीन_०७

एवढं कोण करत बसणार, त्याचं नाव फोटो इन्स्टावर टाका, प्लेसमेंटवाल्या कंपनीला टॅग करा, दोन तासात कॉलेज ताळ्यावर येईल

अ‍ॅड_निशा

हे अजिबात करू नका. चौकशी गोपनीय ठेवायचा नियम आहे, उद्या त्याचा वकील हीच पोस्ट पुढे करेल, वर अब्रूनुकसानीची नोटीस. आणि त्यातून तिची ओळख फुटली तर फोडणाऱ्याला न्याय संहितेच्याच कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, फॉरवर्ड करणाऱ्या मैत्रिणीही त्यात येतात.

सुमनमावशी

बाळ, मी या कामात साडी सांभाळत मोर्चे काढण्याच्या काळापासून आहे. १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, राजस्थानच्या भंवरीदेवीवरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर, तेव्हा आम्हाला वाटलं की आता झालं. कसलं काय. कागदावर समित्या, आणि त्यातल्या कित्येक कधी बसल्याच नाहीत. मग आपल्या पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, २००४ मधे कोर्टाने सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या बाबतीत समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल धरा, नव्याने चौकशीचं नाटक नको. २०१२ ला शेवटचा निकाल, २०१३ ला कायदा. पत्र लिहिल्यापासून किती वर्षं गेली बघ.

तू विचारलंस ना कॉलेजला कोण विचारणार. समिती नेमलीच नसेल तर कायद्यात पन्नास हजार दंड आहे, तो काही कोणाला जड जात नाही म्हणा. पण यूजीसी नियम मोडणाऱ्या संस्थेचं अनुदान अडवू शकते, आणि तिथे यांना लागतं. विद्यापीठाला लिहा, यूजीसीला लिहा, राज्य महिला आयोगाला लिहा, पण कॉलेजला पाठवलेल्या ईमेलची प्रत जोडूनच. नुसत्या तोंडी तक्रारीला ही माणसं चहा पाजून परत पाठवतात.

आणि माफी मागायला लावण्याची हौस कोर्टालाही झाली होती. मध्य प्रदेश हायकोर्टाने २०२० मधे जामीन देताना विनयभंगाच्या आरोपीला तक्रार करणाऱ्या बाईकडूनच राखी बांधून घ्यायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मधे ते रद्द केलं आणि तडजोड सुचवू नका म्हणून सगळ्या कोर्टांना सांगितलं. तुझ्या त्या मॅडमना हे वाचून दाखव.

थोरली_ताई

सगळ्यांचे खूप आभार. बहिणीला विचारलं, त्या मॅडम एचओडीच आहेत आणि वेबसाईटवर समितीच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच. दिवसही मोजले, तीन महिने व्हायला थोडेच राहिलेत. ईमेल आम्ही दोघींनी मिळून लिहिलाय, तिने स्वतःच्या आयडीवरून पाठवला. पोलिसांचं ती नंतर ठरवणार आहे. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत, समितीसमोर मी तिच्याबरोबर बसू शकते का, आणि परीक्षेचं काय, तो समोर दिसला की तिचा हात थरथरतो.

पेठेतली

एचओडींचा मुद्दा वेगळ्या ईमेलने मांडा, मूळ तक्रारीत मिसळू नका, नाहीतर महिनाभर त्यावरच वाद घालत बसतील. वकील समितीपुढे चालत नाही. तुम्हाला आत बसू देतील का हे समितीवर आहे, आधी लेखी विचारा, आणि नाही म्हणाले तर नकारही लेखी मागा. परीक्षेसाठी अंतरिम उपाय हे शब्द वापरून अर्ज करा. तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, त्या मुलाला तिच्यापासून लांब राहायचा आदेश देता येतो, वेगळा हॉल, वेगळी वेळ मागा. चौकशी पूर्ण व्हायची वाट बघायची नसते यासाठी. आमच्या वेळी एका मुलीला लायब्ररीच्या वरच्या खोलीत पेपर द्यायला बसवलं होतं. हजेरीचंही त्याच अर्जात टाका, डबा रूमवर मागवतेय म्हणजे लेक्चरही बुडत असणार.

आईबाबांना कॉलेजने परस्पर फोन करू नये हेही लिहा. ती सज्ञान आहे, त्यांना कधी सांगायचं ते तिने ठरवायचं.