अनुभव धागा: वर्गात सिनेमा लावला आणि…

भयाण भविष्य दाखवणारा सिनेमा वर्गात लावायचा आणि पोरांना डोकं चालवायला लावायचं, हा उद्योग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. कसा झाला ते लिहा. फसलेलेही चालतील. सुरुवात माझ्यापासून.

आठवी, मराठी माध्यम. 'वॉल-ई' (२००८) निवडला, कारण सुरुवातीला बराच वेळ संवादच नाहीत, इंग्रजीची धास्ती नको. फळ्यावर आधीच मथळा लिहून ठेवलेला: 'कचऱ्याची समस्या'. पृथ्वी कचऱ्याने भरून गेलेली, म्हणून सिनेमातली माणसं शेकडो वर्षं अवकाशयानात, खुर्चीत लोळत. घोषणा होते की आता निळ्या रंगाची फॅशन, आणि सगळ्यांचे लाल कपडे एका झटक्यात निळे होतात. तिथे मी थांबवलं. मागच्या बाकावरून आलं, "बाई, मागच्या वर्षी आपला गणवेश बदलला, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं?" उरलेला तास त्यातच गेला. मथळा पुसून टाकला.

*

अकरावी सायन्सला जीवशास्त्र शिकवतो. 'गॅटाका' (१९९७) दाखवला. नावातली अक्षरं डीएनएच्या चार बेसची (ज्या घटकांच्या क्रमात आनुवंशिक माहिती असते) आहेत, हे पोरांनी मी सांगायच्या आत पकडलं. नायक जन्मतो तेव्हाच रक्ताच्या थेंबावरून सांगतात: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य ३०.२ वर्षं. मी विचारलं, तो पॉइंट दोन कशाला? जरा वेळाने एकजण म्हणाला, "दशांश असला की खरं वाटतं, सर."

सिनेमातल्या जगात नोकरी जनुकं बघून देतात, म्हणून पुढे नायक दुसऱ्याचं रक्त, दुसऱ्याची लघवी वापरून अवकाशवीर व्हायला निघतो. मुलाखत म्हणजे नुसती लघवीची तपासणी! वर्ग अर्थातच त्याच्या बाजूने, मीही. एक मुलगी उठली. "यान अर्ध्या वाटेत असताना याचं हृदय बंद पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं? एसटी ड्रायव्हरचे डोळे तपासतातच ना?" मी गप्प. इतक्या वेळा पाहूनही मला हे सुचलं नव्हतं. उत्तर दुसऱ्याच पोराने दिलं: "डोळे आजचे तपासतात. इथे बारशाआधीच निकाल लावून मोकळे." तिला काही ते पटलं नाही. मला अर्धंच पटलं.

*

रात्रशाळा, लालबाग. पोरं दिवसभर कामं करून येतात. 'मेट्रोपोलिस' (१९२७) मूकपट, म्हणून सुरुवात आणि शेवट एवढंच लावलं. पाळी बदलताना माना खाली घालून चालणारे कामगार पाहून एकजण म्हणाला, "आजोबा गिरणीबद्दल असंच सांगायचे." ते १९८२च्या संपात घरी बसलेले. शेवटी मालक आणि मुकादम हात मिळवतात, गोड शेवट. हाच पोरगा म्हणाला, "मॅडम, पगाराचं काय ठरलं पण?"

*

माझा फसलेला. नववी, 'द ट्रूमन शो' (१९९८), ३५ मिनिटांच्या तासांत तुकडे करून. एका माणसाचं अख्खं आयुष्य त्याला न सांगता टीव्हीवर दाखवतात, ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरने मान टाकली. शेवटी 'या चित्रपटातून काय शिकलात?' यावर दहा ओळी लिहायला दिल्या (प्रश्नच चुकला, आता कळतंय). बहुतेकांनी लिहिलं, 'टीव्ही जास्त पाहू नये.' एकाने काहीच लिहिलं नाही, वर्गाच्या कोपऱ्यातल्या सीसीटीव्हीचं चित्र काढून वही दिली. त्याला मी दहापैकी चार दिले होते.