मदत हवी आहे: एडिनबरोहून ग्लेन्कोसाठी खासगी गाडी आणि गाइड

सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडला, एडिनबरोला जातेय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मोठ्या बसची टूर नकोच वाटते. त्यात लॉख नेस सरोवर गाठून परत यायचं तर जवळजवळ बारा तास मोडतात, बहुतेक वेळ बसूनच. म्हणून लॉख नेस सोडून स्टर्लिंग, कॅलँडर, किलिनमार्गे फक्त ग्लेन्कोच्या डोंगरदरीपर्यंत खासगी गाडी करावी म्हणते. किलिनला डॉकार्ट नदीचा धबधबा गावातल्या पुलावरूनच दिसतो, चढउतार नाही. पुढे रॅनॉक मूरचं ओसाड, पाणथळ माळरान आणि मग ग्लेन्कोतल्या थ्री सिस्टर्स या तीन डोंगरांचे कडे! ग्लेन्कोत १६९२ साली झालेल्या मॅकडोनाल्ड कुळाच्या हत्याकांडाची हकिगत तिथे उभं राहून जाणकाराकडून ऐकायची माझी फार इच्छा आहे, म्हणून नुसता ड्रायव्हर नकोय.

कुणी असा ड्रायव्हर-गाइड घेतला असेल तर प्लीज सांगा. पैसे गाडीमागे घेतात की माणशी? वाटेत आपल्याला हवं तिथे थांबतात ना? मिजेस, म्हणजे त्या बारीक चावऱ्या माश्या, सप्टेंबरअखेर कितपत त्रास देतात? आणि त्या वाटेवर शाकाहारी जेवण नीट मिळतं, की सकाळीच डबा बांधून घ्यावा? बाबा अंडंही खात नाहीत.