तपांबराच्या रसायनासाठी अवकाशात लायडार हवा का?

आभाळवेडा: 2006 पासून लेसरचे झोत सोडून धूळ, धूर, ढग किती उंचीवर आहेत ते सांगणाऱ्या कॅलिप्सो उपग्रहाच्या लायडारचं, म्हणजे लेसरनं मोजणाऱ्या यंत्राचं, काम ऑगस्ट 2023 मध्ये थांबलं. मे 2024 मध्ये अर्थकेअर उपग्रह गेला, पण त्याचा लायडारही कण आणि ढगांपुरताच. आता तपांबरातल्या, म्हणजे हवेच्या सर्वांत खालच्या थरातल्या, वायूंसाठी लायडार हवा, असं माझं ठाम मत आहे. उपग्रहावरचं ट्रोपोमी हे यंत्र नायट्रोजन डायऑक्साइड दाखवतं, पण सगळ्या थरांची गोळाबेरीज, तीही दुपारी दीडच्या सुमाराला. रात्री त्याच वायूपासून आणि ओझोनपासून नायट्रेट रॅडिकल हा अतिक्रियाशील रेणू बनतो, जो उन्हात टिकत नाही. रात्रीच्या या उलाढाली सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला दिसणार कशा?

खडकवाट: साफ असहमत. ओझोनसाठी अतिनील झोत लागतात, एक जास्त शोषला जाणारा, दुसरा कमी. परतलेल्या दोन्हींच्या फरकावरून प्रमाण काढतात. विमानातून हे जमतं. उपग्रहावरून मात्र झोत आधी स्थितांबरातून, म्हणजे तपांबराच्या वरच्या थरातून, जाणार, जिथे सुमारे 90 टक्के ओझोन आहे, आणि परततानाही तिथूनच येणार. हाती काय उरेल? शिवाय कॅलिप्सोचा झोत जमिनीवर जेमतेम 70 मीटर रुंद, मूळ कक्षेत त्याच वाटेवर फेरी 16 दिवसांनी. त्यापेक्षा शहरोशहरी जमिनीवरून वर बघणारे लायडार बसवा.

मेघना_क: ओझोनचं पटलं, पण मिथेनला ही अडचण नाही. फ्रान्स-जर्मनीचा नियोजित मर्लिन उपग्रह त्यासाठीच आहे. चीनचा 2022 मधला दाची-1 उपग्रह तर कार्बन डायऑक्साइड लेसरनं मोजतोय. मिथेनच्या ऑक्सिडीकरणातून तपांबरात ओझोनही तयार होतो, म्हणजे विषय सोडून बोलत नाहीये.

खडकवाट: मेघनाताई, हे दोन्ही जमिनीवरून उलटलेला झोत मोजणारे. म्हणजे पुन्हा गोळाबेरीजच! धागा थरांबद्दल आहे.

आभाळवेडा: गोळाबेरीज असली तरी ती रात्री मिळते, ध्रुवाकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यातही मिळते. आणि थरांचंच म्हणाल तर, पंजाब-हरियाणात पराली (कापणीनंतर उरलेले पिकाचे खुंट) जळते तेव्हा धूर नायट्रोजन डायऑक्साइडच्या वर असेल तर तो वायू झाकला जातो, दोन्ही मिसळले असतील तर उलट जास्त दिसू शकतो. धुराची उंची धरल्याशिवाय ट्रोपोमीचा आकडा नीट लावता येत नाही. शहरातले लायडार जरूर बसवा, पण अरबी समुद्रावरून येणाऱ्या धुळीची उंची ते वाटेत कुठे मोजणार?

खडकवाट: समुद्रासाठी अर्थकेअर पुरे. वायूंच्या लायडारला माझा विरोध कायम आहे.