मदत हवी आहे: मुलगी 'इंग्लिश लर्नर' ठरली. कॅलिफोर्नियातली ईएलपॅक, फेरतपासणी, दुभाषा

गारवा
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये पुण्याहून बे एरियात आलो. मुलगी दुसरीत आहे, तिकडेही इंग्रजी माध्यमातच होती. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरला आणि चारही प्रश्नांना 'मराठी' लिहिलं. त्यावरून शाळेने परीक्षा घेतली. आता पत्र आलंय: इनिशियल ईएलपॅक (प्रवेशावेळची राज्याची इंग्रजीची परीक्षा), एकूण ४३१, 'इंटरमीडिएट', दर्जा इंग्लिश लर्नर (ईएल), म्हणजे अजून इंग्रजी शिकणारं मूल. बोली भाषेत मधली पातळी, लेखी भाषेत वरची.
फॉर्म बदलून दिला तर हा दर्जा जाईल का? ईएलडीचा, म्हणजे इंग्रजी भाषाविकासाचा, तास नको म्हणता येतो का? यातून बाहेर कधी पडता येतं? आणि एक: मला इंग्रजी वाचता येतं, पण शिक्षक भरभर बोलू लागले की बरंच निसटतं. मीटिंगला मराठी दुभाषा मागितला तर देतात का?

झटपट
सोपा उपाय: फॉर्मवर सगळीकडे 'इंग्लिश' लिहायचं. परीक्षाच होत नाही. अर्धा बे एरिया हेच करतो.

चिंचगूळ
झटपट, हा सल्ला आता उपयोगाचाही नाही आणि बराही नाही. गारवाताई, फॉर्म कधीही दुरुस्त करता येतो, पण इनिशियल ईएलपॅक होऊन दर्जा ठरल्यावर केलेल्या दुरुस्तीने तो दर्जा हलत नाही. ती वाट बंद झाली.
पुढे ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांच्यासाठी: चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ती भाषा, मूल घरी जास्त बोलतं ती, आईवडील मुलाशी जास्त बोलतात ती, आणि घरातली मोठी माणसं आपसांत जास्त बोलतात ती. परीक्षा पहिल्या तिनांच्या उत्तरांवरून ठरते. घरातली आजी मराठी बोलते एवढ्यावरून सहसा मुलाला परीक्षेला बसवत नाहीत. खरं तेच लिहा, पण प्रश्न मुलाबद्दल आहे की मोठ्यांबद्दल ते नीट वाचून लिहा. भावंडं आपसांत दिवसभर इंग्रजीच बोलत असली, तरी दुसऱ्या प्रश्नालाही 'मराठी' लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत.
टीके, म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, मधल्या मुलांची ही परीक्षा २०२४ च्या कायदेबदलानंतर घेत नाहीत. त्यांची किंडरगार्टनला होते.

पाटीपेन्सिल
आता तुमचे गुण. इनिशियल ईएलपॅकमध्ये १५० ते ३६९ नॉव्हिस, ३७० ते ४४९ इंटरमीडिएट आणि ४५० ते ६०० म्हणजे आय-फेप, थोडक्यात सुरुवातीपासूनच इंग्रजी येणारं मूल. मुलगी १९ गुणांनी राहिली. दुसरीपासून पुढे बोली आणि लेखी भाषेला निम्मं-निम्मं वजन असतं (किंडरगार्टनला बोलीला ९० टक्के, पहिलीला ७०). लेखी भाग वर असूनही एकूण खाली आलं, याचा अर्थ ऐकण्या-बोलण्यात गेलं.
भारतातल्या इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचं हे नेहमीचं चित्र आहे. वाचन चांगलं, शुद्धलेखन चांगलं, पण अनोळखी परीक्षक समोर बसला की उत्तर एका शब्दात. बोलण्याचा भाग सगळ्याच इयत्तांना एकास एक असतो. चित्र दाखवून विचारतात, ही मुलं काय करताहेत? मूल म्हणतं, 'प्लेइंग'. उत्तर बरोबर असतं, पण पूर्ण गुण मिळत नाहीत. मग दोन गोष्टी दाखवून कोणती निवडशील आणि का, असं विचारतात. इथे 'का' ला उत्तर आलं नाही की गुण गेले. मग गोष्ट ऐकवून ती परत सांगायला लावतात. आपल्याकडच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ असतात. ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायची सवय कमी. उच्चार भारतीय आहे म्हणून गुण कापत नाहीत, अर्थच पोचला नाही तर कापतात.
ईएलपॅकच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मोफत आहेत. फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या वार्षिक ईएलपॅकच्या आधी मुलीला त्या दाखवा. घोकून घेऊ नका. रोज एका चित्रावर तीन पूर्ण वाक्यं आणि एक 'बिकॉज' एवढं पुरे.

चिंचगूळ
मुख्य गोष्ट राहिली. दर्जा चुकीचा वाटत असेल तर फेरतपासणी मागता येते, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. पालक किंवा मान्यताप्राप्त शिक्षक शाळेकडे विनंती करू शकतात. मग शाळेला चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: ईएलपॅकचे गुण, शिक्षकांचं मत, पालकांचं मत, आणि इंग्रजीच्या मूलभूत कौशल्यांच्या स्थानिक चाचणीत तिच्याच वयाच्या, इंग्रजीत निपुण मुलांच्या तुलनेत ती कुठे आहे.
अटी दोन. ही विनंती मुलाची पहिली समेटिव्ह, म्हणजे वार्षिक, ईएलपॅक होण्याआधी करावी लागते, आणि कॅलिफोर्नियातल्या सगळ्या शालेय वर्षांत मिळून एकदाच होते. समेटिव्ह १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात घेतात, पण काही शाळा फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात सुरुवात करतात. जानेवारीत अर्ज टाकायचा बेत असेल तर उशीर होईल.
पण उद्याच अर्ज करू नका. वर्गशिक्षिकेकडे लिहिण्यासारखं काहीतरी जमू द्या. सहा-आठ आठवड्यांत आय-रेडी किंवा स्टारसारखी वाचनाची चाचणी झालेली असते, मूल वर्गात बोलू लागलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर ही योग्य वेळ. एकच संधी आहे, ती पुराव्याशिवाय वाया घालवू नये.

झटपट
शाळांना ईएल मुलांमागे जादा पैसे मिळतात. त्या कशाला सोडतील?

पाटीपेन्सिल
पैसे मिळतात हे खरं आहे. राज्याच्या निधीसूत्रात इंग्लिश लर्नर, कमी उत्पन्नाच्या घरची आणि फॉस्टर केअरमधली मुलं यांच्यासाठी मूळ रकमेच्या २० टक्के पूरक अनुदान आहे. पण हीच मुलं इंग्रजीत पुढे सरकताहेत की नाही, हेही राज्याच्या स्कूल डॅशबोर्डवर शाळेच्या नावासमोर रंगाने दिसतं. मुलं अडकून पडली की शाळेचाच रंग उतरतो. मुलं अडकतात ती बहुधा दुर्लक्षामुळे: चाचणीचे गुण आले, कोणी फाइल उघडलीच नाही, वर्ष गेलं.

सातबारा
ईएलडीचा तास नको म्हणता येतो, पण त्याने दर्जा जात नाही आणि दरवर्षीची समेटिव्हही चुकत नाही. म्हणजे मदत सोडायची आणि परीक्षा मात्र द्यायची. यात फायदा कोणाचा ते मला तरी दिसत नाही.
ईएलडी दोन प्रकारची. इंटिग्रेटेड म्हणजे गणित-विज्ञान शिकवतानाच भाषेकडे लक्ष. डेझिग्नेटेड म्हणजे खास वेळ. प्राथमिक शाळेत साधारण रोज अर्धा तास, शाळेच्या वेळातच. तुम्ही विचारायचं ते एवढंच: हा अर्धा तास कशाच्या ऐवजी जातो? वर्ग गटांत विभागून सगळेच काहीतरी करत असतील तर उत्तम. मुलीला विज्ञानातून उठवून नेत असतील तर हरकत घ्या.
खरा खर्च मिडल स्कूलमध्ये. तिथे ईएलडीचा तास बहुतेक ठिकाणी इलेक्टिव्ह खातो, म्हणजे बँड, चित्रकला किंवा कोडिंग गेलं. वर्षानुवर्षं दर्जा कायम राहिला आणि प्रगती थांबली तर 'लाँग-टर्म' गटात नोंद होते. तुमच्या हातात पाचवीपर्यंतचा वेळ आहे, आणि ४३१ वाल्या मुलीला तेवढा लागू नये.

पाटीपेन्सिल
बाहेर पडण्याला इथे रिक्लासिफिकेशन म्हणतात. निकष फेरतपासणीसारखेच चार, फक्त गुण समेटिव्हचे आणि एकूण पातळी ४ हवी. अडतं ते सहसा चौथ्या निकषावर. तिसरीपासून बहुतेक ठिकाणी राज्याची स्मार्टर बॅलन्स्ड परीक्षा धरतात. दुसरीत ती नसते, म्हणून प्रत्येक डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) स्वतःची चाचणी आणि स्वतःची रेषा ठरवतो. ती रेषा लेखी मागून घ्या. ईएलपॅकमध्ये ४ मिळूनही वाचनचाचणीत थोडक्यात राहिलेली मुलं पुष्कळ, आणि ती चाचणी वर्षातून दोन-तीनदा होत असल्याने पुढच्या खेपेला फाइल पुन्हा उघडा असं सांगणारं कोणीतरी लागतं. ते तुम्हीच.
बाहेर पडल्यावरही चार वर्षं लक्ष ठेवतात. मूल मागे पडलं तर मदत परत मिळते.

गारवा
खूप आभार सगळ्यांचे. दुभाष्याचं सांगाल का कोणी? आणि एच-४ व्हिसावर असताना हे सगळं मागितलं तर काही अडचण?

सातबारा
व्हिसाचा काही संबंध नाही. १९८२ च्या प्लायलर निकालापासून सरकारी शाळा मुलाच्या इमिग्रेशनवरून प्रवेश अडवू शकत नाही.
दुभाषा: मराठीतून छापील पत्रकं मिळायची आशा नको. राज्याचा नियम असा की शाळेतल्या १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एकच असेल तर घरी जाणाऱ्या सूचना त्या भाषेत द्यायच्या. मराठी तिथे क्वचितच पोचते. मीटिंगमधला दुभाषा मात्र टक्क्यांवर अवलंबून नाही. पालकाला समजेल अशा रीतीने कळवणं ही केंद्रीय नागरी हक्क कायद्याखालची जबाबदारी आहे, आणि त्याचा खर्च पालकाने द्यायचा नसतो. मुलांच्या बाबतीत हेच तत्त्व ठरवणारा लाउ विरुद्ध निकल्स हा १९७४ चा खटला तुमच्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्याच चिनी मुलांचा.
प्रत्यक्षात फोनवरचा दुभाषा मिळतो. किमान आठवडाभर आधी ईमेल करा आणि 'मराठी' असं स्पष्ट लिहा. नाव बघून कार्यालयातले लोक हिंदी निवडतात. पंधरा मिनिटांच्या कॉन्फरन्सला दुप्पट वेळ मागा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. मुलीला दुभाषा करू नका, कोणी सुचवलं तरी. तिच्याच प्रगतीबद्दलची मीटिंग असते ती.

अक्षता
एक जोड. कुणाच्या मुलाला बोलण्यातच अडचण वाटत असेल तर 'ईएल आहे, थोडं थांबा' हे उत्तर मान्य करू नका. विशेष शिक्षणासाठी तपासणी करा अशी लेखी विनंती केली की शाळेला १५ दिवसांत मूल्यमापनाचा आराखडा द्यावा लागतो, आणि तुमच्या सहीनंतर ६० दिवसांत मूल्यमापन पुरं करून मीटिंग घ्यावी लागते. मोठ्या सुट्ट्या यात धरत नाहीत. तपासणी मराठीतूनही व्हावी असं त्याच पत्रात लिहा. मूल मराठीतही वाक्य जोडत नसेल तर प्रश्न इंग्रजीचा नाही.
आणि घरी मराठी बंद करू नका. मराठीत गोष्ट परत सांगता येणाऱ्या मुलाला ती इंग्रजीत सांगायला फक्त शब्द लागतात.

भटकभवानी
टेक्सासमध्येही असंच असतं का? डिसेंबरात डॅलसला जातोय.

चिंचगूळ
नाही. तिथे वार्षिक परीक्षा टेल्पास, आणि फॉर्मची दुरुस्ती प्रवेशाच्या तारखेपासून दोन आठवड्यांत, तीही परीक्षा व्हायच्या आधीच. न्यू जर्सी वगैरे राज्यांत विडाची परीक्षा. तिथे एकूण गुणांत वाचन-लेखनाला ७० टक्के वजन, म्हणून आपल्याकडून गेलेल्या वाचकी मुलांना ती जरा सोयीची. निघताना जुन्या शाळेकडून चाचण्यांचे निकाल कागदावर घ्या.
गारवाताई, फेरतपासणीचा ईमेल मुख्याध्यापकांना, प्रत डिस्ट्रिक्टच्या इंग्लिश लर्नर विभागाला. त्यात मुलीची इयत्ता, ४३१ चा निकाल, 'पहिल्या समेटिव्हच्या आधी वर्गीकरणाची फेरतपासणी हवी' हे एक वाक्य, वाचनचाचणीचा ताजा निकाल आणि शिक्षिकेचं मत मागवण्याची विनंती. भारतातलं प्रगतिपुस्तक जोडा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलवर परत लिहा, नवा धागा काढू नका, म्हणजे तारखा एका जागी राहतात. तरीही हलले नाहीत तर डिस्ट्रिक्टकडे 'युनिफॉर्म कम्प्लेंट', म्हणजे ठरलेल्या पद्धतीची लेखी तक्रार, करता येते, त्यावर ६० दिवसांत लेखी निर्णय द्यावा लागतो. समेटिव्हच्या तारखेपासून मागे मोजून बघा, म्हणजे पहिला ईमेल कधी जायला हवा ते कळेल.